रंगाच्या पिंपातून काचपेटीत

वाशीम जिल्ह्यात उगम पावलेली कयाधू हिंगोली जिल्ह्यात शिरते, नरसीच्या कडेने वाहत पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगेचे पाणी वर्धेत जाते, वर्धेचे प्राणहितेत, प्राणहितेचे गोदावरीत. नरसीला महाराष्ट्र ओळखतो तो संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून. परंपरेने सांगितलेले जन्मवर्ष १२७०, घराणे शिंप्याचे. कापड, सुई आणि रंग यांच्याशी या गावाचे नाव असे जोडले गेले आहे. पंजाबात घुमान येथे नामदेवांचा मोठा वारसा उभा राहिला, आणि तिथे त्यांना मानणाऱ्यांत कापड छापणाऱ्या छिंब्यांचा समाज आहे. या लेखाचा विषय मात्र गोदावरीच्या खोऱ्यातला एक बोटभर मासा आहे. त्याला आपल्याकडे मुरा म्हणतात, मत्स्यालयाच्या दुकानात ‘लोच’ म्हणतात. शिंपी, रंगारी आणि मुरा यांचा संबंध वरवर पाहता लागत नाही, पण काचपेटीत मुऱ्याला जे औषध घातले जाते त्याचा इतिहास रंगाच्या धंद्याचाच इतिहास आहे. मुरे पाळणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमीच्या आहेत. आणल्यावर थोड्याच दिवसांत माशाचा रंग उतरतो, आणि रंग उतरला म्हणून औषध घातले तर मासा मरतो. दोन्हींचा ठपका माशावर येतो आणि तो नाजूक ठरतो. माझे म्हणणे असे की हा ठपका चुकीचा आहे. मुऱ्याचा रंग आपल्या शास्त्राने बराच काळ मेलेल्या माशावरून ओळखला, त्याचे औषध दुसऱ्याच कामासाठी तयार झाले, त्याची मात्रा दुसऱ्याच माशांवर ठरली. ज्याला आपण मुऱ्याचा नाजूकपणा म्हणतो, तो या इतिहासाचा परिणाम आहे.

मुरा नाजूक नाही याचा पहिला पुरावा मराठवाड्याच्या नद्याच देतात. या नद्या पावसाळ्यात गढूळ लोंढ्याने भरतात आणि उन्हाळ्यात तुटून डोहाडोहांत उरतात. डोहातले पाणी तापते, त्यातला प्राणवायू कमी होतो. वीस अंश तापमानाला गोड्या पाण्याच्या एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. या परिस्थितीत तग धरण्याची मुऱ्यांची साधने विलक्षण आहेत. वाळूत स्वतःला पुरून घेणारे, ‘लेपिडोसेफॅलिक्थिस’ या लांबलचक नावाच्या वंशातले मुरे पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि आतड्याच्या भिंतीतून त्यातला प्राणवायू घेतात. तोंडाभोवतीच्या मिशा अंधारात आणि गढूळ पाण्यात अन्न हुडकतात. काही जातींच्या डोळ्याखाली दुतोंडी काटा असतो, तो मासा वेळ पडली की उभारतो. अंगावरचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, त्यामुळे हाताला फक्त बुळबुळीत चामडे लागते. रंग बहुधा तळाचा: वाळूचा पिवळसर, गाळाचा तपकिरी, त्यावर गडद पट्टे किंवा ठिपके. तळाच्या दगडगोट्यांत हरवून जाणे हेच त्या रंगाचे काम. उन्हाळ्यातल्या डोहात जगलेला मासा काचपेटीतल्या स्वच्छ पाण्यात, पंपाच्या बुडबुड्यांत आणि रोजच्या आयत्या अन्नावर का मरतो, हा प्रश्न म्हणूनच नीट विचारायला हवा.

मासा आणि त्याची कातडी यांचा विचार या प्रदेशात नवा नाही. मराठवाडा ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता, त्यांची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या विनोदांमध्ये त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे: गळ कसा असावा, दोरी कशाची वळावी, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून वश करावे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते आधुनिक अभ्यासकांपुढे आणले. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वर्गवारी. सोमेश्वर समुद्राचे मासे आणि नदीचे मासे वेगळे करतो, आणि त्यांतही अंगावर चामडे असलेले आणि खवले असलेले असा भेद करतो. या भेदाने खाद्याच्या निवडीचा विचारही बदलतो. शिकारीच्या छंदासाठी लिहिलेला ग्रंथ आहे हा, त्याला प्राणिशास्त्र म्हणता येणार नाही. तरीही माशाशी व्यवहार करण्याआधी मासा कोणता हे पाहावे, ही शिस्त त्यात आहे. औषधाच्या बाटलीवर ‘सर्व माशांसाठी’ असे छापणाऱ्या विसाव्या शतकाने ती पाळली नाही.

त्यानंतर मुरे आधुनिक शास्त्राच्या वहीत आले ते कर्नल विल्यम हेन्री साइक्सच्या हातून. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने त्याला दख्खनचा संख्याशास्त्रीय अहवाल करायला नेमले. जमीन, पीक, माणसे आणि कर यांच्या नोंदी करता करता त्याने पक्षी आणि मासेही गोळा केले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दख्खनच्या माशांच्या वर्णनात एका मुऱ्याला त्याने ‘मूरेह’ हेच नाव दिले आहे. लोकांच्या तोंडचे नाव त्याने लॅटिन जातीनामात तसेच उचलले, आणि ते आजही टिकून आहे. पण साइक्सचे दख्खन म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातले जिल्हे: पुणे, नगर, खानदेश, धारवाड. नरसी, हिंगोली आणि कयाधू निजामाच्या मुलखात होती. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, पण छावणीने मासे मोजले नाहीत. पुढे मद्रास सैन्यातला शल्यवैद्य फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ काढला. हैदराबाद संस्थानातल्या माशांची पाहणी छापून यायला १९४०चे दशक उजाडले. मराठवाड्याच्या मुऱ्यांची ओळख शास्त्राला उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी झाली.

या जुन्या कामात रंगाचा प्रश्न फार आधी उभा राहतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. ओढ्यावर पकडलेला मासा लंडनला किंवा कलकत्त्याला पोचवायचा तर तो स्पिरिटच्या बाटलीत घालावा लागे. स्पिरिटमध्ये माशाच्या कातडीतले पिवळे-तांबडे रंग विरघळून निघून जातात, काळा मात्र टिकतो. त्यामुळे मुऱ्यांच्या वर्णनांत पट्टे किती, कुठून कुठे, रुंद की अरुंद हे काटेकोर सापडते, पण त्यांच्या मधल्या जागेचा जिवंतपणीचा रंग कोणता हे अनेकदा फिके आणि मोघम असते. ताजा मासा समोर ठेवून चित्र काढण्यावर साइक्सचा भर होता, ही त्याची मोठी कामगिरी आहे. सगळ्यांना ती सोय नव्हती. पट्टे शाबूत आहेत पण मधला रंग राखी पडला आहे, असा मुरा काचपेटीत दिसला की आजचा पाळणारा घाबरतो. ग्रंथांतला मुरा तसाच होता, कारण तो मेलेला होता. जिवंत मुऱ्याचा रंग दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या तळावर, कोणत्या वयात कसा असतो याची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे रुजलीच नाही. ती नसल्यामुळे रंग ‘उतरला’ म्हणजे नेमके काय झाले, हे ठरवायला आधारच उरला नाही.

त्यातल्या त्यात ज्याचा रंग जगाला माहीत झाला तो मुरा कृष्णेच्या खोऱ्यातला. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये शिमोग्याच्या तुंगेतून त्याचे वर्णन केले: बोटिया स्ट्रायटा, पिवळसर अंगावर बारीक गडद पट्टे. दुकानात त्याला ‘झेब्रा लोच’ म्हणतात. कोल्हापूरच्या माशांची यादी १९५६ मध्ये कलावार आणि केळकर यांनी केली, तेव्हा तिथल्या याच माशाला त्यांनी कोल्हापूरचे नाव जोडून वेगळा उपप्रकार मानले. म्हणजे पंचगंगेच्या पाण्यातल्या माशाचे अंग तुंगेतल्या माशापेक्षा वेगळे दिसते, हे त्यांच्या नजरेला जाणवले होते. हा उपप्रकार आज कोणी मानो न मानो, नदी बदलली की मुऱ्याचे अंगही बदलते ही नोंद मोलाची आहे. पुढे हाच मासा परदेशी काचपेट्यांत गेला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोडे मासे शोभेसाठी निर्यात झाले, असे २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. त्यांत सर्वाधिक वाटा असलेल्या मोजक्या जातींत हा झेब्रा मुरा होता. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. इतक्या संख्येने नदीतून उचललेल्या माशाबरोबर त्याच्या नदीची माहिती गेली नाही. कोणत्या ओढ्यातला, किती अंश तापमानाचा, कसल्या तळावरचा, यातले काहीही पिशवीवर लिहिलेले नसते.

ती माहिती नसल्याची किंमत रंगाच्या बाबतीत लगेच मोजावी लागते. माशाच्या कातडीतला काळा रंग ज्या पेशींत असतो, त्या पेशींत तो पसरतो किंवा आकसतो, आणि हे चेतातंतू व पोषग्रंथीच्या संप्रेरकांच्या हुकमाने होते. पांढऱ्या वाळूवर आणि झगझगीत दिव्याखाली ठेवलेला मुरा फिका पडतो तो याच यंत्रणेने. तळाशी जुळवून घेण्याचे काम तो चोख करत असतो. रात्री दिवा मालवल्यावर अनेक मुरे फिके दिसतात. बोटिया कुळातले मुरे आपसांत कोण वरचढ हे ठरवताना, झटापट चालू असताना, सगळे अंग राखाडी करून घेतात आणि भांडण मिटले की पट्टे परत आणतात. पिवळा-तांबडा रंग वेगळ्या वाटेने येतो: तो मासा स्वतः बनवू शकत नाही, किडे-अळ्या आणि शेवाळातून त्याला मिळवावा लागतो. कोरड्या खाद्यावर तो महिन्या-दोन महिन्यांत उतरत जातो. म्हणजे रंग जाण्याची किमान चार कारणे अशी आहेत की ज्यांत रोग नाही: तळ, उजेड, भांडण आणि अन्न. रोगाने रंग जातो हेही खरेच. कातडीवर सूक्ष्म परजीवी आले, पोटात जंत झाले, अमोनिया साठला, नळाच्या पाण्यातला क्लोरीन राहिला तर मासा निस्तेज होतो, आणि त्यासोबत श्वास जोरात चालणे, अंग घासणे, खाणे सोडणे ही लक्षणेही दिसतात. निव्वळ फिकेपणावर बाटली उघडणाऱ्याने आधीच्या चार शक्यता पाहिलेल्याच नसतात.

आता त्या बाटलीतल्या औषधाकडे. मराठवाड्यात आणि आजूबाजूच्या मुलखात कापड रंगवण्याचे काम भावसार रंगाऱ्यांकडे आणि निळीच्या पिंपावर राबणाऱ्या निराळ्यांकडे होते. करडईच्या जातीतला कुसुंबा, वऱ्हाडात पिकणारी आलाची मुळे, मंजिष्ठ, हळद, हिरडा, पळसफुले, पक्का रंग बसवायला तुरटी, असे त्यांचे भांडार. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किनने दगडी कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला आणि या भांडाराची अखेर सुरू झाली. १८६९च्या सुमारास आल आणि मंजिष्ठ यांची जागा घेणारा तांबडा रंग कारखान्यात तयार होऊ लागला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. आपल्या रंगाऱ्यांची पिंपे याच लाटेत विझली. त्याच कंपनीत १८७६ मध्ये हाइनरिख कारो याने मिथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला, आणि पुढच्याच वर्षी ओट्टो फिशरने मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग काढला. मॅलॅकाइट हे तांब्याच्या हिरव्या दगडाचे नाव आहे, रंगात मात्र तांब्याचा कण नाही. नाव नुसत्या छटेवरून पडले. दोन्ही रंग कापडासाठी होते. माशांना छळणारा, अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आणणारा ‘इक’ हा परजीवी पॅरिसमध्ये फुके नावाच्या संशोधकाने वर्णन केला तोही १८७६ मध्येच. रोग आणि त्याचे पुढचे औषध एकाच वर्षी, एकमेकांची काहीही कल्पना नसताना, कागदावर आले.

कापडाचा रंग औषध कसा झाला हे समजले की मुऱ्याचा प्रश्न उलगडू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसाव्यात म्हणून संशोधक त्या या नव्या रंगांत बुडवत. जर्मन वैद्य पॉल एर्लिख याच्या लक्षात आले की काही रंग काही पेशींनाच घट्ट धरतात. मग जो रंग जंतूला धरतो तो जंतूला मारेल आणि रुग्णाला सोडेल, अशी त्याची कल्पना. १८९१ मध्ये त्याने हिवतापाच्या रुग्णांना मिथिलीन ब्लू देऊन पाहिले. ही कल्पना वैद्यकशास्त्राला फार पुढे घेऊन गेली. पण तिच्यात एक अट दडलेली आहे: जंतूला मारणारी मात्रा आणि रुग्णाला मारणारी मात्रा यांत पुरेसे अंतर हवे. मॅलॅकाइट ग्रीनच्या बाबतीत हे अंतर अरुंद आहे. हा रंग बुरशीला आणि परजीव्याला जसा चिकटतो तसा माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यालाही चिकटतो, पेशींच्या श्वसनात अडथळा आणतो आणि चरबीत साठून राहतो. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या मत्स्यसंवर्धकांसाठीच्या नियतकालिकात फॉस्टर आणि वुडबरी यांनी तो माशांच्या बुरशीवर सुचवला. १९७२ मध्ये लेटो आणि मायर यांनी फॉर्मलिनबरोबर त्याचे मिश्रण ‘इक’वर प्रभावी असल्याचे मांडले. मात्रा लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. हे सगळे मत्स्यशेतीचे काम होते: ट्राउट, कार्प, कॅटफिश. पुढे माणसाच्या आरोग्याला असलेल्या धोक्यामुळे अमेरिका आणि युरोपने खाण्याच्या माशांत हा रंग बंद केला. शोभेच्या माशांत तो राहिला. मुंबईत १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून काचपेट्या मध्यमवर्गीय घरांत पोचल्या, आणि त्या पेट्यांबरोबर ही निळी-हिरवी बाटलीही आली. मुऱ्यावर तिची मात्रा कोणी ठरवली, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात कुठेच नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मुऱ्याला खवल्यांचे चिलखत नाही म्हणून औषध त्याच्या अंगात लवकर शिरते, ही शरीराची गोष्ट आहे. इतिहासाने ती बदलणार नाही, असे कोणी म्हणेल. मुऱ्याची कातडी वेगळी आहे हे मला मान्य आहे, आठशे-नऊशे वर्षांपूर्वी सोमेश्वरालाही ते मान्य होते. पण हे स्पष्टीकरण पुरत नाही. टेट्रा माशांचे अंग खवल्यांनी पूर्ण झाकलेले असते, तरी मॅलॅकाइट ग्रीनच्या बाटल्यांवर टेट्रांना निम्मी मात्रा द्यावी असा इशारा असतो. उलट अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशच्या अंगावर एकही खवला नाही, तरी त्याच्या तळ्यांत तांब्याचे मोरचूद आणि फॉर्मलिन वर्षानुवर्षे वापरले गेले. त्याचे कारण असे की त्या माशावर पैसा अवलंबून होता, म्हणून संशोधकांनी त्याच्यासाठी मात्रा बसवली. पाण्याची क्षारता मोजायची आणि लिटरमागे मिलिग्रॅममधला तो आकडा शंभराने भागून मोरचुदाची मात्रा काढायची, असा सोपा नियम त्या शेतीत रूढ झाला. औषध शिरते ते मुख्यतः कल्ल्यांतून, आणि कल्ले खवलेवाल्यालाही तसेच उघडे असतात. अनुभवी पाळणारे आणखी एक गोष्ट सांगतात: शेळ्यामेंढ्यांच्या जंतांवर दिले जाणारे लेव्हामिसोल मुरे चांगले सोसतात. म्हणजे मुरा ‘औषधाला’ नाजूक आहे हे विधानच ढोबळ आहे. तो काही रंगांना, तांब्याला आणि गुदमरवणाऱ्या फॉर्मलिनला नाजूक आहे, आणि या तिन्हींची त्याच्यासाठीची मात्रा कोणी बसवलेली नाही.

पाण्याचा मुद्दा तर महाराष्ट्रात सगळ्यात जवळचा, आणि सगळ्यात दुर्लक्षित. मराठवाड्यातली विहिरी-बोअरची पाणी काळ्या पाषाणातून झिरपलेली, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड झालेली. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे मऊ पाणी येते. तांब्याचे विषारीपण पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते. जड पाण्यात तांबे क्षारांशी बांधले जाते, मऊ पाण्यात मोकळे राहून कल्ल्यांवर बसते. तेव्हा एकाच बाटलीचे तेवढेच थेंब हिंगोलीत निरुपयोगी ठरू शकतात आणि दादरमध्ये प्राणघातक. फॉर्मलिनचे वेगळेच: लिटरमागे पाच मिलिग्रॅम फॉर्मलिन सुमारे एक मिलिग्रॅम प्राणवायू खाते. एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी तीस-बत्तीस अंशांवर गेलेले असताना पंचवीस मिलिग्रॅमची मात्रा घातली तर माशासाठी फार तर अडीच मिलिग्रॅम प्राणवायू उरतो. हवा गिळणारा मुरा निदान वर येऊन धडपडू शकतो, वाहत्या पाण्याच्या झेब्रा मुऱ्याला तीही सोय नाही. अशा मृत्यूला ‘औषध सोसले नाही’ म्हणणे म्हणजे पाण्याचा हिशोब न करता माशावर खापर फोडणे.

या अज्ञानातून दुकानदारांत आणि पाळणाऱ्यांत एक प्रथा तयार झाली: मुऱ्यांना निम्मी मात्रा. प्रथेमागची दया मला समजते, आणि अनेक मासे तिने वाचलेही असतील. पण ‘इक’चे जीवनचक्र पाहिले तर तिच्यातली अडचण दिसते. परजीवी माशाच्या कातडीत शिरून ठिपका झाला की औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग तो गळून तळाशी जातो, तिथे विभागतो, आणि त्यातून सुटलेली शेकडो पिले नवा मासा शोधत पोहत असतात तेवढ्याच काळात औषध त्यांना मारू शकते. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र चार-सहा दिवसांत पुरे होते. निम्मी मात्रा ही पोहणारी पिले मारायला अपुरी पडली तर मासा औषधाचा ताण सोसतो आणि परजीवीही राहतो, मग पाळणारा दुसरी बाटली आणतो. पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत तापवून, भरपूर हवा सोडून आणि तळ रोज उपसून परजीव्याचे चक्र तोडता येते, हे पाळणाऱ्यांच्या जगात चांगले माहीत आहे. ती वाट वेळ मागते, आणि बाजार बाटली विकतो.

दुसरा आक्षेप असा की या रंगांनी कोट्यवधी मासे वाचवले, त्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे आहे. अंड्यांवरची बुरशी थांबवून मिथिलीन ब्लूने आणि मॅलॅकाइट ग्रीनने मत्स्यसंवर्धन सोपे केले, हे निर्विवाद आहे. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाहीच. ट्राउटसाठी काढलेली मात्रा मुऱ्याला लावून मग मुऱ्याला नाजूक ठरवण्याविषयी ती आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नदीतला मुरा संपतो तो वाळूउपशाने, बंधाऱ्यांनी, कारखान्यांच्या आणि गावांच्या सांडपाण्याने. काचपेटीतल्या चार माशांची चिंता त्यापुढे क्षुल्लक आहे. प्रमाण म्हणून हे खरेच आहे. वाळूत पुरून घेऊन जगणाऱ्या माशाची वाळूच ट्रॅक्टरने गेली तर औषधाची चर्चा कशाला? पण दोन्ही ठिकाणी मूळ तेच आहे. ज्या माशाचा रंग, तळ, पाणी आणि सहनशक्ती कोणी नोंदवलेली नाही, तो नदीतून नाहीसा झाला तरी कोणाला दाखवून देता येत नाही. काचपेटीत मुरा पाळणारा माणूस त्याच्याकडे रोज पाहतो, ही संधी छोटी नाही. रंग केव्हा उतरला, केव्हा परतला, कशाने, हे त्याने लिहून ठेवले तर शास्त्राच्या वहीतला दीडशे-दोनशे वर्षांचा कोरा भाग भरू लागेल.

म्हणून दोन मागण्या आहेत. दुकानदाराने मुऱ्याच्या टाकीवर तो कोणत्या नदीचा आहे हे लिहावे, आणि त्याला ते सांगता येत नसेल तर घेणाऱ्याने तो मासा घेऊ नये. दुसरी मागणी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाकडे. ते मराठवाड्यातच आहे, गोदावरीच्या खोऱ्यातले मुरे त्याच्या हाताशी आहेत, आणि जड पाणी त्याच्या नळालाच आहे. मिथिलीन ब्लू, मॅलॅकाइट ग्रीन, मोरचूद आणि फॉर्मलिन यांची मुऱ्यांसाठीची सुरक्षित मात्रा इथल्या पाण्यात, इथल्या तापमानात मोजून ती मराठीत छापावी. तोवर घरच्या टाकीतला मुरा फिका दिसला तर आधी दिवा मंद करावा, तळाला गडद वाळू घालावी, पाणी तपासावे, जिवंत अन्न द्यावे आणि आठवडाभर पाहावे. बाटली त्यानंतर.